दुसरा बूट

दुसऱ्या बुटाला यमक मिळेना,
म्हणून ओळीतून मी तो काढून टाकला.
योग्वाननं चित्रातूनही पुसला.
पफिनचा एक पाय तसाच राहिला
उघडा, नारिंगी.

चाळीस प्रती. स्वयंपाकघरातच टाचल्या,
सुदुरोयच्या बोटीवर पोरांना वाटल्या;
समुद्र इतका उधाणलेला
की तिसऱ्या पानावर कुणीतरी ओकलंसुद्धा.

हिवाळा सरल्यावर एक प्रत परत आली.
ओल्या लोकरीचा वास, कडा चावलेल्या,
आणि शेवटच्या पानावर,
जिथं आम्ही नुसतं धुकं ठेवलं होतं,
पेन्सिलीनं काढलेला बूट.
खाली वाकडी अक्षरं:
सापडला. मेंढीनं नेला होता.

योग्वान बराच वेळ बघत बसला,
मग आपल्या पेन्सिलीला टोक काढू लागला.

नव्या प्रतीत मेंढी आहे.
ओळ लंगडते.
लंगडू दे.