व्यक्ती अंथरुणातून उठली आहे

आईच्या गादीखाली एक चटई आहे,
करडी, साडेसहा हजारांची,
विद्याधरने ब्रॅम्प्टनहून मागवून दिलेली.
आई उठली की माझा फोन वाजतो,
बटण दाबेपर्यंत थांबत नाही.
वजन उचललं गेलं, एवढंच चटईला कळतं.
कोणाचं, ते नाही.

पहिल्या आठवड्यात अकरा वेळा वाजली.
सात वेळा आई,
तीनदा सुगंधा चादर बदलताना,
एकदा उगीच.

कपाटावर कॅमेरा आहे.
दुसऱ्याच दिवशी आईने त्याला कानटोपी घातली,
काठीच्या टोकाने, कशी पोचली देव जाणे.
विद्याधरचा फोन: ताई, चित्र काळं येतंय.
म्हटलं, थंडी आहे इकडे.
विक्रोळीत. मे महिन्यात.

गोळ्यांचा डबा बोलतो.
आठला, दोनला, पुन्हा आठला,
कडक इस्त्रीच्या मराठीत:
कृपया आपले औषध घ्यावे.
आई त्याला म्हणते, नंबर सांगा.

चौतीस वर्षं ती एक्स्चेंजमध्ये होती.
कानाला हेडफोन, दोन्ही हातांत दोऱ्या,
समोर भोकाभोकांची भिंत.
ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग.
लाइटनिंग आला की पदर सारखा करायची,
कोणी बघत नसलं तरी,
कारण पलीकडे बहुधा कोणी गेलेलं असायचं.
रात्रपाळीला निघताना दारात म्हणायची,
काही लागलं तर फोन कर.
आमच्या घरी फोन नव्हता.
खालच्या वाण्याकडे होता,
आणि वाणी नऊला शटर ओढायचा.

आता दुपारपर्यंत माझं नाव तिला सापडत नाही.
सोलापूरचा कोड विचारा,
शून्य दोन एक सात,
तुमचा प्रश्न संपायच्या आत.

बँकेत फोन मी ड्रॉवरमध्ये ठेवते,
ड्रॉवर अर्धा उघडा.
पासबुक छापता छापता कान तिकडे.
वाजला की उठते, जिन्यात जाते,
सुगंधाला विचारते, बाथरूमला का?
हो ताई, बाथरूमला.
साहेब आता काही विचारत नाहीत.
रात्री मात्र मधे सुगंधा नसते.
तीन दहा. हॉलमधून धावत जावं
तर आई पलंगाच्या कडेला, पाय लोंबकळत,
हळू बोल, म्हणते,
लाईनवर कोणीतरी रडतंय.

गेल्या रविवारी सुगंधाची सुट्टी होती.
आईला आंघोळ घातली,
गॅलरीजवळच्या खुर्चीत बसवलं,
नखं कापली. दोन राहिली,
तिने हात मागे घेतला.
कुकर लावला.
शिट्ट्या होईपर्यंत तिच्या गादीवर पाठ टेकली.
फक्त टेकली.

डोळे उघडले तेव्हा गॅस बंद होता.
कोणी केला? मीच केला असेल.
खुर्ची पलंगाच्या जवळ कशी आली, तेही कळेना.
मी उठले
आणि ओट्यावर माझा फोन वाजायला लागला.

जाऊन पाहिलं.
व्यक्ती अंथरुणातून उठली आहे.
कृपया लक्ष द्यावे.

व्यक्ती ओट्यापाशी उभी होती,
केसांना तेल नाही, गाऊनला हळद.
ब्रॅम्प्टनलाही गेला असेल हा निरोप,
तिकडे पहाटेचे चार, तो वळून झोपला असेल.
तरी मी पुन्हा वाचला.
मी उठले, हे कोणी कोणाला कळवून
किती वर्षं झाली असतील?
लक्ष द्यावे, असं तर कधीच नाही.

बटण न दाबता परत आले.
आई माझ्याकडे बघत होती,
न कापलेल्या नखांचा हात मांडीवर,
बोटं हवेत काहीतरी चाचपत.
तीन मिनिटं झाली, म्हणाली,
जुन्या आवाजात, तो रात्रपाळीचा.
वाढवू का?

वाढव, म्हटलं.
गादी अजून कोमट होती.
ओट्यावर फोन वाजतच होता.

वाजू दे, आई म्हणाली.
ऑर्डिनरी आहे.