दाताळं

घरापासून टपालपेटीपर्यंत दोनशे पावलं.
मे संपला की थोर्गेर्दुर ती चालते
डोक्यावर दाताळं उभं धरून,
कारण सुरय पक्षी झडप घालतो
जे सगळ्यांत उंच असेल त्यावर.

मला हे कुणी सांगितलं नव्हतं.
नोकरीच्या पहिल्याच दिवशी टाळूवर चोच बसली,
रक्त भुवईत उतरलं.
मूठभर पाखरू, वजन एका जाड पत्राइतकं,
आवाज मात्र गंजलेल्या बिजागरीचा.

"चाकोरीत अंडी आहेत दोन,"
ती म्हणाली, जखमेवर दारू ओतत.
"ट्रॅक्टर तेव्हापासून तिथंच उभा.
गवत काय, पुढच्या आठवड्यातही कापता येईल."
आस्ब्योर्न खिडकीतून शिव्या घालत होता,
पक्ष्यांना की बायकोला, कळलं नाही.
अंड्यांभोवतीचे दगड मात्र
त्यानंच मांडले होते,
पांढरा रंग देऊन.

ऑगस्टात एका सकाळी
फ्योर्डावर नुसता वारा.
तारेवर कुणी नाही, चाकोरी रिकामी.
मी टोपी काढून खिशात घातली.

ती समोरून आली,
दाताळं तसंच डोक्यावर.
"गेले ते," मी म्हणालो.
"माहीत आहे," म्हणाली,
आणि पत्र घ्यायला
दुसरा हात पुढे केला.