तिघऱ्याला चौघं

दिगूनं कॅनडातून बॅगेत घालून आणलं
बर्फाला भोक पाडायचं गिरमिट.
विमानतळावर दोनदा उघडायला लावली बॅग.
कुमुद गेल्यावर तिथलं घर विकलं,
गाडी विकली, फ्रीज शेजाऱ्याला दिला,
हे मात्र कुणी घेईना, म्हणाला.
मग जरा थांबून,
मीच किंमत नीट सांगितली नसेल.

ग्वाल्हेरला जानेवारीत थंडी असते, खोटं नाही.
नळाचं पाणी बोटांना चावतं,
रजईतून पाय काढताना नास्तिकही देवाचं नाव घेतो,
आणि कोहरा असा की
(धुकं पुस्तकात असतं,
आमच्या लष्करच्या मराठीत कोहराच पडतो)
गल्लीच्या टोकाचं देऊळ
घंटेवरून ओळखायचं.
पण तलाव गोठत नाही.
तिघऱ्याचं पाणी गोठलेलं
आमच्या आज्यांनीही पाहिलं नाही.

तो बर्फ घेऊन जाऊ, नझीर म्हणाला.
चाळीस वर्षं स्कूटर दुरुस्त करणाऱ्याला
जगात न मिळणारा पार्ट नसतो.

हजिऱ्याच्या बर्फखान्यात मालकानं विचारलं,
जानेवारीत लादी? लग्नवाले का?
मासेवाले, मी म्हणालो.
अर्धी लादी पोत्यात गुंडाळून
बल्लू कुशवाहाच्या लोडिंग रिक्षात ठेवली,
तिच्यावर गजकचा डबा,
आणि दोन्ही कडांना आम्ही
अंग चोरून बसलेले,
मर्तिकाला निघाल्यासारखे.
हे माझ्या मनात आलं आणि मी
उगीचच पेट्रोलच्या भावावर बोलायला लागलो.

लादी पाण्यात सोडली. तरंगली.
नझीर आणि बल्लू गुडघाभर पाण्यात
दोन टोकं धरून उभे, दात वाजवत,
एकाच्या शिव्या ब्रजमधल्या, दुसऱ्याच्या उर्दूतल्या,
मी काठावर सुका राहून मराठीत भर घालत होतो.
ठेकेदाराचा राखणदार काठी उगारून आला,
बर्फ बघून उगारलेली काठी तशीच राहिली.

दिगू ओल्या दगडावर गुडघे टेकून वाकला.
गिरमिटाची मूठ फिरली
आणि त्याचे हात दुसऱ्याच कुणाचे झाले,
आम्हाला माहीत नसलेल्या तीस वर्षांमधले.
पांढरा कीस वर आला,
नारळ खवल्यासारखा.
आरपार गेल्यावर तो थांबला.
भोकातला कीस काढायचं काम
कुमुदचं असायचं, म्हणाला.
कुणाला काही सुचेना.
मी पिशवीतली चहाची गाळणी पुढे केली.

तिथल्या ट्राउटला म्हणे कोळंबी लागते.
आमच्याकडे हिंग घालून मळलेली कणीक.
गळ सोडला. खाली जेमतेम दोन हात पाणी,
त्यात कुठला मासा.
तरी मासे धरताना बोलायचं नाही हा नियम
शाळेपासून आज पहिल्यांदा पाळला आम्ही.
राखणदारसुद्धा उकिडवा बसून
भोकाकडे बघत राहिला.

अकराला कोहरा विरला.
पलीकडचा काठ दिसायला लागला, एक म्हैस दिसली.
नझीर, बल्लू बाहेर येऊन पाय पुसत बसले,
लादी सुतळीनं दगडाला बांधलेली,
कडा झिजून साबणाच्या वडीसारखी.
भोक बशीएवढं झालं, मग ताटाएवढं.
दुपारी कधीतरी बर्फाचं कडं
एका बाजूनं तुटलं
आणि दिगूची दोरी
साध्या तलावात होती.

त्याला कळलं नाही,
किंवा कळलं असेल.
हात हलवला नाही त्यानं.

बल्लूनं डबा उघडून गजक मोडली.
कडकन आवाज झाला,
तसा दिगूनं दचकून
पायाखाली पाहिलं.