शेवटच्या गाडीचा दांडा

परतवाडा सोडलं तेव्हा काच थंडीनं पांढरी होती.
बावन्नाव्या वर्षी शिकलेली गाडी,
शेजारी नणंद, मागं जाऊ अन् तिची दोन पोरं,
उकडलेल्या शेंगांची पिशवी सगळ्यांच्या पायात.

अकराव्या वळणानंतर बोगदा.
सागाच्या गाड्यांसाठी कोरलेला म्हणतात.
दोन्हीकडून खणत आले, मधे गाठ पडलीच नाही,
मग चूक सांधून घेतली डोंगराच्या पोटातच.
म्हणून तो आत वाकलाय,
मोडलेला हात तसाच वाकडा जुळावा तसा.
या तोंडातून ते तोंड दिसत नाही.
एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या.

सिग्नल नाही. फोन लागत नाही.
तोंडाशी दगडावर सोनकली मावसकर,
मफलर, नाकात फुली, हातात धावड्याचा दांडा.
शेवटच्या गाडीला ती तो देते.
दांडा तिकडं पोचला की तिकडचे निघणार.
एवढाच कायदा, अन् तो सगळे पाळतात.

"बाई, तू शेवटची," ती म्हणाली.
"सानूले देजो. हातातच देजो."

आत पाणी टपावर एकेक थेंब मोजत होतं.
दिव्याच्या उजेडात छिन्नीचे वार,
काही डावीकडं कललेले, काही उजवीकडं.
आणि वाकणावर, जिथं खणणारे एकमेकांना चुकले,
मागचा उजेड गेलेला असतो, पुढचा आलेला नसतो.
पोरं ओरडायची ठरवून बसली होती.
ओरडली नाहीत.

बाहेर ऊन एकदम अंगावर आलं.
एक रिकामी खुर्ची. तीन दगडांवर काळी किटली.
माणूस नाही. समोरून गाडी नाही.
मी हॉर्न दिला, थोडी थांबले,
मग नणंद म्हणाली, "चाल ना वो, धुकं पांगते तिकडं,"
आणि मी चालले.

पॉइंटवर रेंज आली,
सगळ्यांचे फोन एकदम वाजले.
ह्यांनी विचारलं, दही कुठं ठेवलं.
मी दरीकडं बघत सांगितलं, खालच्या फळीवर.
खाली वऱ्हाड पसरलं होतं, धुक्यातून अर्धंमुर्धं,
तुरीचे पट्टे, कुठल्याशा टिनाच्या छपराची लखलख,
एक नदी, की रस्ता, ठरेना.
आयुष्यभर बोलत आलेली माझी नणंद
कठड्याला धरून गप्प.
मी म्हटलं, आता पाच मिनिटं कोणी काही मागू नका.

"मोठ्याई, याले काय बांधलं?"

पोरीच्या हातात दांडा.
मधोमध फडक्याची गाठ, अजून कोमट.
ज्वारीची भाकर, हिरवा ठेचा, चिमूटभर तंबाखू.

मला बोगद्याची दोन्ही तोंडं एकदम दिसली.
इकडं गाड्यांची रांग,
तिकडं गाड्यांची रांग,
आणि मधे कोणीच नाही, तो सबंध रिकामा अंधार
माझ्यापायी अडलेला.

आल्या वाटेनं गाडी पिटाळली.
सानू रस्त्यात उभा होता, हातात पाण्याची कॅन.
मागं ट्रॅक्टर, दोन जीप, दुधाची गाडी.
दूधवाला मला काय बोलला ते लिहीत नाही.
सानू काहीच बोलला नाही.
आधी गाठ चाचपली, मग दांडा घेतला.
भाकर सोडली, त्याच फडक्यात
खिशातले मूठभर आवळे बांधले,
अन् दांडा दूधवाल्याच्या हातात दिला.

"पाह्यला पाइंट?" जरा वेळानं त्यानं विचारलं.
"पाह्यला. तुम्ही?"
"चवदा वर्षं झाली इथं," भाकर मोडत तो म्हणाला,
"दांडा कोन घेईन?"

परतताना आम्ही मधली गाडी होतो.
दांडा मागच्या जीपवाल्याकडं.
माझा डावा हात गिअरवर उगाच हलका वाटत होता.

तोंडाशी सोनकली, गालात आवळ्याची बी.
मी काच खाली केली, काहीतरी म्हणणार होते.
तिनं आमच्याकडं पाहिलंच नाही.
मान उंच करून
ती मागच्या गाडीचा हात बघत होती.