पंधरा किलो, हिरवा

कागदाचीच चिठ्ठी. आत केसाएवढी तार
वळणं घेत गेलेली,
मधोमध तिळाहून बारीक दाणा.
"आणि सेल कुठं?" मी विचारलं.
तरन्नुम मुजावर, मिरजेची पोरगी, कंपनीनं पाठवलेली,
म्हणाली, "सेल नाही अण्णा. हिच्याकडं स्वतःचं काहीच नाही.
दारातली पेटी साद घालते ना,
त्या सादेतनंच हिला जीव येतो.
तेवढ्यात नंबर सांगते, परत गप्प.
गाडीच्या काचेवरची टोलची पट्टी, ती हिची बहीण."

आरएफआयडी म्हणायचं. मी चिठ्ठीच म्हणतो.

तीस वर्षं तासगाव रस्त्याच्या या कोल्ड स्टोरेजात
कानटोपी घालून बेदाणा मोजला.
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी,
खडू गारठ्यानं दमट, हात त्याहून.
दोनदा चुकलो.
एकदा मुलगी दवाखान्यात होती.
दुसऱ्यांदाचं कारण सांगत नाही.

वडील हरिपूरच्या पेवांवर होते.
जमिनीच्या पोटात हळद, वर माती, खूण कसली नाही.
टाच आपटत चालायचे
आणि थांबून म्हणायचे, हे आरवाड्यांचं. हे निम्मं रितं.
खालून काय उत्तर यायचं ते त्यांनाच ठाऊक.
सौद्यालाही रुमालाखाली नुसती बोटं:
भाव कुणी बोललं नाही, कुणी ऐकलं नाही,
आणि ठरला.

त्यामुळं चिठ्ठीचं मला तेवढं नवल नव्हतं.
नवल वाटलं ते घाईचं.
चारशे पेट्या दारातनं गेल्या, मी कानटोपी नीट करेपर्यंत.
लॉट एक्केचाळीस, सावळजचा, हिरवा,
कुठल्या रॅकला, किती दिवस, भाडं किती झालं,
सगळं मालकांच्या फोनवर.
दिल्लीचा व्यापारी तिथनं बघतो.
बँकेचे साहेब तारणाचा माल खुर्चीत बसून मोजतात,
पूर्वी स्वेटर घालून यायचे, शिंकत जायचे.

पण पहिल्या दिवशी आकडा आला
तीनशे शहाऐंशी.

मालकांनी माझ्याकडं बघितलं.
(सवयीनं. माल कमी भरला की माझ्याकडंच बघायचं.)
तरन्नुम थप्पीभोवती फिरली.
"लोखंड लाटेला परत लावतं," म्हणाली,
"आणि ओल लाट पिऊन टाकते. मधल्या पेट्या ऐकतच नसतील."
मी आत शिरलो. कुशीत हात घालून एकेक चाचपली.
तीन रेघा-गठ्ठे होऊन एक कमी: चौदा.
तिनं चिठ्ठ्या बाहेरच्या अंगाला फिरवल्या,
पेटीचं तोंड वीतभर खाली केलं,
संध्याकाळी दार बरोबर चारशे म्हणालं.
माझे चौदा फळ्यावर तसेच राहिले.
पुसायला कुणी सांगितलं नाही.

सहा चाळीसला घरी निघालो
तर दार वाजलं.
पडद्यावर: लॉट ४१. पंधरा किलो. हिरवा. बाहेर.
वॉचमन सिद्राम खुर्चीवरनं उठलाच,
"नेमाण्णा, बिल कुणाच्या नावावर फाडू?"
खांद्यावरच्या टॉवेलाला चिठ्ठी चिकटलेली,
थप्पीतनं आलेली, मला ठाऊकही नव्हती.

तरन्नुम हसत हसत सोडवायला आली.
"टॉवेलावर होती म्हणून बोलली," म्हणाली,
"छातीला लागून असती तर गप्प बसली असती.
माणसात पाणीच जास्त ना."

वाटेत गणपती पेठेत चहा घेतला.
कितीदा कुणी हाक मारली असेल
आणि मी आतल्या आत पिऊन बसलो असेन,
असलं काहीबाही डोक्यात येत होतं.
मग दुसऱ्यांदा चुकलेलं आठवलं,
बशीतला चहा गार झाला.

सकाळी गेलो तर मशीन अडून बसलेलं:
एक पेटी काल गेली, परत आल्याची नोंद नाही.
आत पेट्या मात्र चारशे, मी पुन्हा मोजल्या, खडूनं.
तरन्नुमनं त्या नंबरापुढं नवी चिठ्ठी लावली
आणि शेऱ्याच्या रकान्यात
एका बोटानं, मराठीत, टाईप केलं:
मापाडी. बाहेर गेला होता. आला.