ऑख्लोस

क्वार्टर गेटजवळ, दुसऱ्या मजल्यावर
चार दिवस आम्ही एका शब्दाशी अडून बसलो आहोत.

हिवाळे सर म्हणतात, लोकसमुदाय.
शब्द चांगला आहे, धुतलेला, इस्त्रीचा,
रविवारी पहिल्या बाकावर बसवता येईल असा.
जमाव? तो पोलिसांचा, त्याच्यामागे 'पांगवा' ठरलेलंच.
घोळका कॉलेजच्या फाटकाशी उभा राहतो.
गर्दी होते आणि ओसरते,
तिला पोट असतं असं कुणी म्हणत नाही;
आणि या शब्दाला तर तीन दिवसांची भूक आहे.

मी कोश उघडला. जुना अर्थ, बारीक टाइपात:
सैन्याच्या मागून चालणारे.
चुली, चटया, पखाली, तापाची पोरं,
हजेरीपटावर नाव नसलेले.
"बाजारबुणगे," मी म्हणाले.

पंख्याचा आवाज ऐकू आला.
या शहरात हा शब्द शिवी म्हणूनच उरलाय;
अडीचशे वर्षं झाली,
पानिपत आम्ही अजून त्यांच्याच ओझ्यानं हरतो आहोत.
सर चष्मा पुसत म्हणाले, "बाई, उपासनेत वाचायचंय हे."
मग हळूच: "माझा पणजा पलटणीमागे चालायचा.
घोड्यांना गवत कापायचा."
आणि लोकसमुदायखाली पेन्सिलीनं रेघ मारली.

शनिवारी केराबाई आली, आठवड्याचे खोडलेले कागद न्यायला.
पोत्यात जमाव गेला, घोळका गेला, झुंड गेली,
माझा शब्द चुरगळून सगळ्यात वर.
मी तिच्यामागून नाना पेठेत काट्यापर्यंत गेले.
कशाला, माहीत नाही.
वळणावर पोती टेकून बायका बसल्या होत्या,
एकीचा पदर दुसरीच्या पायाखाली,
कुणी तंबाखू मळत,
कुणी पत्र्यानं कापलेलं बोट चोखत.
"आज किती जणी होता?" मी विचारलं.
केराबाईनं बघितलं, खुळी आहे की काय, तसं.
"मोजलं न्हाई. आमीच हुतो."

ग्रीकमध्ये तो शब्द नेहमी बाहेरून येतो.
आतून कुणी स्वतःला ऑख्लोस म्हटल्याचं
मला एकाही ओळीत सापडलेलं नाही.

"सरका गं, बाईला टेकू द्या."
सरकल्या. खांद्याला खांदा,
घामाचा, ओल्या पुठ्ठ्याचा वास.
इथं कोण कुणाला शिवलं ते कळत नाही,
आणि मागे वळून कुणी विचारतही नाही.

तिथून आमची खिडकी दिसते.
आत दिवा. एक म्हातारा माणूस
कागदावर ओणवा,
एकटा.