तळाचे तिघे

रावपुऱ्याच्या टॉवरमागे, छत्र्या दुरुस्त करणाऱ्याला लागून
जिग्नेशभाईंचं दुकान: भिंतभर निळा उजेड
आणि पंपांची न थांबणारी बुडबुड.
शाल्मलीने काचेला नाक लावून आधीच निवडला होता
लाल फायटर,
झालर पसरून उभा, वरातीतला नवरदेवच.
"आणि याच्याबरोबर गप्पी. सहा. मोठ्या शेपटीचे."

"ना बेन, गप्पी जोडे नहीं."
लांब शेपटी दिसली की याला वाटतं, दुसरा फायटर आला.
सकाळी बघावं तर शेपट्या गायब.
एंजल? वाढला की निऑन गिळतो.
टायगर बार्ब कुरतडतो.
गोल्डफिशला गार पाणी लागतं,
आणि त्याची घाण तर विचारू नका.
चाळीस लिटरच्या काचेत
वर कोण राहतो, मधे कोण, तळाशी कोण,
कोणाला कोणाची झालर खुपते,
मी कान देऊन ऐकत होते,
धुळ्याहून चार बॅगा घेऊन आलेली,
या घरात सात महिने जुनी,
कपाटाचा कुठला खण माझा
हे अजून विचारून उघडणारी.

ती त्यांच्याशी भरभर गुजरातीत बोलली.
मला अर्धंच कळलं.
मग वळून म्हणाली, "तुम्ही सांगा. तुम्हाला कोणता?"
तुम्ही.
दूधवाल्याला ती तू म्हणते.

मी बोट दाखवलं ते पार खाली,
वाळूत अर्धा पुरलेला, पट्ट्यापट्ट्यांचा,
बुटाच्या लेसएवढा.
"कुली लोच. कोणाच्या अध्यात ना मध्यात.
एकटा झुरतो, तीन न्या.
पण दिवसा दिसायचा नाही, बेन,
पैसे दिलेले विसरून जाल."
"कुली?" शाल्मली म्हणाली. "ही अळी काय ओझं उचलणार!"

आजव्याचं पाणी आदल्या रात्रीच
बादलीत उघडं ठेवलं होतं, क्लोरीन उडायला.
पिशव्या पाण्यावर तरंगत सोडल्या. पंधरा मिनिटं.
ती घड्याळ घेऊन बसली.
चौदाव्या मिनिटाला मी गाठीला हात लावला,
तिने नुसतं पाहिलं.
मी हात काढून घेतला.

तिघे उतरले, लाकडाखाली शिरले, संपलं.
तिच्या वहीत रोजचा हिशेब:
फायटर एक. कुली शून्य.
फायटर एक. कुली शून्य.
पाचव्या दिवशी तिने लिहिणंच सोडलं.

निरंजनची दहेजला रात्रपाळी.
दोन वाजता तहान लागली म्हणून उठले,
किंवा झोपच नव्हती, ते एकच.
हॉलमध्ये ती फरशीवर बसलेली,
मोबाइलचा उजेड माझ्या ओढणीत गुंडाळून.
काचेआड तिघेही बाहेर,
वाळू चाळत, तोंडात घेत, कल्ल्यांतून सोडत,
एकमेकांवरून, एकमेकांखालून,
सगळं घर त्यांचंच असल्यासारखे.
वर पानावर फायटर झोपलेला, झालर मिटून,
कोणीही वाटावा इतका लहान.

माझ्या बांगड्या वाजल्या.
"श्श," ती मागे न बघता म्हणाली,
"हलू नकोस ना."

मी तशीच उभी, एक पाय अजून स्वयंपाकघरात,
हातात रिकामा पेला.